ज्वारीला गाठी नाहीत, पण दार आहे



मुखेड तालुक्यातून एका वाचकाचे पत्र आले आहे. २०२५ च्या ऑगस्टात लेंडीच्या खोऱ्यात पाऊस कोसळला, तेव्हा त्यांच्या ओढ्याकाठच्या दोन एकरांतले सोयाबीन तर गेलेच, पण वरची वीतभर मातीही खरडून गेली. उरलेल्या रानाला वाफसा आल्यावर त्यांनी पाळ्या घातल्या आणि रब्बीला ज्वारी पेरली. पेरताना दुकानातून एक पुडा आणला. दुकानदाराने सांगितले, "हे बियाण्याला चोळा, सोयाबीनसारख्या गाठी ज्वारीलाही धरतील, मग युरियाची गरज नाही." महिन्याने त्यांनी चार ताटे उपटून पाहिली. मुळे पांढरी स्वच्छ, गाठीचे नाव नाही. त्यांनी लिहिले आहे, "मला दुकानदाराने फसवले, की माझी मातीच मेली? मेली असेल तर पोरांना सांगतो, दुसरा धंदा बघा."

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीचे आहे. ज्वारीला गाठी धरत नाहीत. त्यांच्या रानात नाही, आपल्या आजोबांच्या रानात नाही, जगात कुठेच नाही. तसे वचन देणारा एक तर अडाणी असतो, नाही तर लबाड. दुसऱ्या प्रश्नाला मात्र सावकाश उत्तर द्यायला हवे. ज्वारीच्या मुळाला गाठी नसल्या, तरी गाठीच्या कामातली बरीचशी माणसे तिच्या घरात आधीपासून राहतात. ती तिथे काय करतात हे कळले, म्हणजे माती जिवंत आहे की नाही हे कुठे शोधायचे तेही कळेल.

आधी सोयाबीनची गाठ पाहू. पेरणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी एखादे झाड खुरप्याने मातीसकट अलगद काढावे आणि पाण्याच्या बादलीत धुवावे. ओढून उपटू नये, गाठी मातीतच राहतात. मुळावर मोहरीपासून वाटाण्याएवढ्या गाठी दिसतील. एक नखाने फोडावी. आतून गुलाबी-लाल असेल तर गाठ कामावर आहे. हिरवी किंवा तपकिरी झाली असेल तर तिचे दिवस भरले. पांढरी असेल तर ती अजून कोवळी आहे, किंवा आत भलताच जिवाणू शिरला आहे.

हा लाल रंग कशाचा? आपल्या रक्तात जो लाल पदार्थ असतो, त्याच्याच कुळातला. डाळीत प्रथिने असतात हे आपण ऐकतो. पण प्रथिने नुसती खायची नसतात, सजीवाच्या पेशीत तीच कामकरी माणसे असतात. कोणी राखण करतो, कोणी निरोप्या असतो, कोणी हमाल. गाठीतले लाल प्रथिन हमाल आहे. हवेतला नत्र बांधणारे जिवाणूचे यंत्र मोकळा प्राणवायू लागला की बिघडते, आणि प्राणवायूशिवाय तर जिवाणू जगत नाही. म्हणून हा लाल हमाल प्राणवायू धरून आणतो आणि मोजून मोजून देतो. सोयाबीनच्या गाठीतला हा रंग रक्तातल्यासारखाच आहे हे १९३९ मध्ये कुबो या जपानी शास्त्रज्ञाने दाखवले. पुढे बरीच वर्षे समजूत अशी होती की हे प्रथिन गाठ धरणाऱ्या झाडांचीच मिरास आहे.

१९८८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी ही समजूत मोडली. ट्रेमा नावाच्या झाडाला गाठी अजिबात धरत नाहीत. त्याची एक जात आपल्या सह्याद्रीतही वाढते. त्या ट्रेमाच्या मुळात हे लाल प्रथिन निघाले. पुढे ते बार्लीत सापडले, भातात सापडले, कपाशीतही सापडले. प्रमाण इतके थोडे की मूळ लाल दिसत नाही, म्हणून कोणाच्या नजरेत भरले नव्हते.

गाठच नाही, मग हमाल कशाला? याचे उत्तर आपल्या काळ्या रानाला फार जवळचे आहे. पाणी साचले की मातीतली हवा निघून जाते आणि मूळ गुदमरू लागते. कॅनडात बार्लीवर आणि इतरत्र दुसऱ्या रोपांवर झालेल्या प्रयोगांत दिसले, की अशा वेळी मुळातले हे प्रथिन वाढते. गुदमरलेल्या पेशीत नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू साठतो. हे प्रथिन त्याचा निकाल लावते, आणि त्या खटपटीत पेशीची उरलीसुरली शक्ती टिकून राहते. ज्या रोपात हे प्रथिन मुद्दाम वाढवले, ती रोपे हवेविना जास्त तग धरून राहिली. गाठीत जो भरल्या घरात वाढपी असतो, तोच बिनगाठीच्या मुळात पुराच्या वेळी दार धरून उभा राहतो.

पण त्याच्या भरवशावर बसू नका. चिबड रानात आठवडाभर पाणी उभे राहिले तर कोणतेही प्रथिन पिकाला वाचवत नाही. कपाशीला पाणी लागले, पाने लोंबली, की पहिले काम चर काढून पाणी बाहेर घालवण्याचे. युरिया आणि फवारणी त्यानंतर. गुदमरलेले मूळ खत उचलत नाही, हे दर वर्षी सांगावे लागते आणि दर वर्षी पोती ओतली जातात.

आता दाराची गोष्ट. सोयाबीनच्या मुळात जिवाणू शिरतो तो घर फोडून नाही. मूळ आधी मातीत एक रस सोडते. तो ओळखून जिवाणू उलट आपली खूण पाठवतो. मुळाच्या कातडीवर राखणदार प्रथिने बसलेली असतात, ती ही खूण पारखतात. खूण पटली की निरोप पेशीच्या गाभ्यापर्यंत जातो, आणि तिथे चमत्कारच म्हणावा असे घडते. चुन्यात जे कॅल्शियम असते, त्याचे प्रमाण गाभ्यात वर-खाली होऊ लागते, मिनिटा-दोन मिनिटांनी एक ठोका, नाडीसारखे. हे ठोके वाचणारे एक प्रथिन असते. त्याने ठोके वाचले की ते शेजारच्या दुसऱ्या प्रथिनाला उठवते आणि ते दुसरे प्रथिन कामे सुरू करते: दार उघडा, वाट करा, जागा सारवून ठेवा. या साखळीतले राखणीजवळचे एक प्रथिन २००२ मध्ये सापडले, ठोके वाचणारे २००४ मध्ये. या मंडळीतला एक जरी गैरहजर असला, तर कडधान्याला गाठ धरत नाही.

मग शास्त्रज्ञांनी एक कसोटी घेतली. ठोके वाचणारे प्रथिन ज्याच्यात बिघडले आहे असे शेंगवर्गीय रोप घेतले आणि त्यात भाताचे प्रथिन घातले. भाताचे, म्हणजे ज्याच्या सात पिढ्यांत कोणी गाठ पाहिली नाही त्याचे. त्या रोपाला पुन्हा गाठी धरल्या! भाताचा वाचक कडधान्याच्या घरात कामाला लागला. हे प्रयोग २००६ आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. जगभरच्या प्रयोगशाळांत तेव्हा केवढी खळबळ उडाली असेल, याची कल्पना करावी.

भाताजवळ हा वाचक आला कुठून आणि करतो काय? भातातच तो बिघडवून पाहिला तेव्हा उलगडा झाला. तशा भाताच्या मुळात एक मित्रबुरशी शिरेनाशी झाली.

बुरशी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हरभऱ्याची मर येते, नाही तर ज्वारीच्या कणसावरची काणी. ही तशी नव्हे. हिचे धागे केसाहून बारीक असतात. अर्धे मुळाच्या आत, अर्धे बाहेर मातीत पसरलेले. जिथे मुळाचे तंतू पोचत नाहीत तिथून हे धागे स्फुरद आणतात, जस्त आणतात, थोडे पाणीही आणतात. मुळाच्या पेशीत शिरून ही बुरशी बारीक झाडासारखी फांद्या काढते आणि तिथे देवाणघेवाण चालते. माल ती देते, झाड तिला साखर आणि स्निग्धांश देते. आपल्या काळ्या चुनखडीच्या मातीत स्फुरद पुष्कळ असून अडकून पडलेला असतो, हे माती परीक्षणाच्या कागदावर तुम्ही वाचले असेल. तो सोडवून आणण्याच्या कामी या धाग्यांचे मोल फार आहे. ज्वारी, कापूस, तूर, हरभरा, करडई, सूर्यफूल, अर्धापूरकडची केळी आणि हळद, या सर्वांच्या मुळांत ही बुरशी राहते. सोयाबीनच्याही. म्हणजे सोयाबीनकडे दोन पाहुणे येतात आणि ज्वारीकडे एक.

ही सोयरीक किती जुनी? स्कॉटलंडमध्ये रायनी नावाच्या गावी सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती दगडात जशाच्या तशा राहिल्या आहेत. त्यांच्या आत हीच झाडासारखी बुरशी दिसते. गाठींची रीत त्यामानाने कालची, सुमारे १० कोटी वर्षांची. तेव्हा गोष्ट आपण उलटी समजत होतो. गाठीची प्रथिने ज्वारीकडे चुकून आली नाहीत. दार बुरशीसाठी होते, पिढ्यान्‌पिढ्या होते. कडधान्यांच्या पूर्वजांनी त्याच दारातून पुढे जिवाणूलाही आत घेतले.

तुम्ही विचाराल, दार तेच, राखणदार तेच, मग ज्वारीला गाठ का नको? कारण दारापुढची कामे करणारे लोक ज्वारीकडे नाहीत. गाठ बांधायला हुकूम देणारे एक प्रथिन आहे. ते डेन्मार्कमध्ये १९९९ साली सापडले, त्याला 'निन' म्हणतात. ज्वारीकडे निन नाही, पण त्याची भावकी आहे. ही भावकी मातीतला नत्र ओळखते आणि त्याप्रमाणे मूळ-पाने वाढवायची कामे लावते. आपण युरिया टाकतो, त्याचे मातीत नायट्रेट होते, आणि ते आल्याची वर्दी झाडाला ही प्रथिने देतात. एका कुळातले दोन भाऊ. एक सोयाबीनच्या घरी गवंडी झाला, दुसरा ज्वारीच्या घरी कोठारावर बसला.

२०१८ मध्ये आणखी एक गोष्ट उजेडात आली. वर ज्या ट्रेमाचा उल्लेख केला, त्याच्या रक्तातच निनचे मोडके अवशेष सापडले. म्हणजे त्याच्या पूर्वजांना बहुधा गाठी होत्या आणि पुढे त्या सुटल्या. गाठ पोसायला झाडाला साखर फार मोजावी लागते. परवडेना तेव्हा ती रीत सोडली असावी. जाइल्स ओल्ड्रॉइड आणि त्यांचे सहकारी बार्लीसारख्या तृणधान्याला नत्र बांधायला शिकवण्याच्या खटपटीत आहेत. पण दुकानात मिळणाऱ्या पुड्यात ते काम आलेले नाही.

या दाराचा आणखी एक पैलू आहे, आणि तो ज्वारीवर ज्वारी घेणाऱ्यांनी कान देऊन ऐकावा. स्फुरदाची भूक लागली की मूळ बुरशीला हाक मारते, मातीत एक द्रव्य सोडून. ते द्रव्य प्रथम १९६६ मध्ये अमेरिकेत कपाशीच्या मुळांतून वेगळे काढले गेले. तेव्हा ते माहीत झाले ते टारफुल्यामुळे! टारफुला म्हणजे ज्वारीच्या मुळाला आपले मूळ लावून रस ओढणारे, पांढऱ्या फुलांचे ते नष्टर. त्याचे धुळीसारखे बी वर्षानुवर्षे मातीत निजून राहते आणि या द्रव्याचा वास लागला की उगवते. झाडाने आपल्या वैऱ्याला स्वतः होऊन का जागवावे, हे कोडे जवळजवळ चाळीस वर्षे सुटले नाही. २००५ मध्ये जपानच्या अकियामा यांनी दाखवले, की ही हाक मुळात मित्रबुरशीसाठी आहे. तिने बुरशीचे धागे फांद्या काढतात. वैरी फक्त चोरून ऐकतो. मूळचे इथियोपियाचे, अमेरिकेत काम केलेले गेबिसा एजेटा यांनी टारफुल्याला दाद न देणाऱ्या ज्वारीच्या जाती काढल्या आणि २००९ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळवला. त्यांतल्या काही जातींची हाकच थोडी बदललेली असते, टारफुल्याचे बी तिने फारसे उठत नाही. आपल्यापुरते एवढे ध्यानात ठेवावे: कपाशीची हाक ऐकून टारफुला उगवतो, पण कपाशीवर त्याला जगता येत नाही. टारफुल्याच्या रानात एक-दोन हंगाम कपाशी घेण्याचा सल्ला देतात तो याचसाठी.

आता मुखेडच्या बंधूंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. माती मेली का?

खरडलेल्या मातीत ही बुरशी कमी झाली असणार, हे खरे. तिचा वावर बहुतेक वरच्या थरात, आणि तोच वाहून गेला. दूरचा एक दाखला सांगतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला आपल्यासारखीच काळी जमीन आहे. तिथे रान वर्षभराहून जास्त पडीक ठेवले की पुढचे सूर्यफूल खुजे राही; स्फुरद आणि जस्ताविना ते उपाशी दिसे. शेतकरी चक्रावले, कारण विश्रांती दिलेले रान जोमदार असायला हवे. थॉम्पसन यांनी १९८७ मध्ये कारण सांगितले: मुळेच नाहीत म्हणून बुरशी उपासमारीने कमी झाली होती. अमेरिकेत १९९३ च्या महापुरात जी राने बुडाली, त्यांत पुढच्या वर्षी मका जांभळट आणि खुजा निघाला, तोही याच प्रकारचा रोग. पण दोन्हीकडे ही राने कायमची गेली नाहीत. जिवंत मुळे परत आली तशी बुरशीही परत आली.

म्हणून बंधूंनी ज्वारी पेरली हे उत्तम केले. तिच्या मुळात दार आहे, आणि बुरशीला घर मिळाले आहे. गाठी दिसल्या नाहीत म्हणून ती मोडू नये. पुढच्या खरिपात ते रान पडीक टाकू नये. ज्वारी-तूर किंवा सोयाबीन-तूर घ्यावी. तुरीचे तास आपले वडील उगाच घालत नव्हते. तूर हंगाम संपल्यावरही उभी राहते आणि तिची खोल मुळे दोन्ही पाहुण्यांना सांभाळतात. मोहरी, कोबी, फुलकोबी, मुळा या कुळाने मात्र हे दार कधीच बुजवून टाकले आहे, त्यांच्यात ही प्रथिनेच उरलेली नाहीत. पालकातही बुरशी राहत नाही. घरापुरती भाजी लावायला हरकत नाही, पण खरडलेल्या रानात पहिल्या वर्षी सगळीकडे कोबी लावू नये.

शेजारच्या चांगल्या रानातली, ज्वारी-तुरीच्या मुळांजवळची चार-सहा टोपली माती आणून पेरणीच्या तासात टाकली तर बुरशीचे विरजण लागते. एकच पथ्य, हरभऱ्याला मर लागलेल्या किंवा टारफुल्याच्या रानातली माती आणू नये. विरजणाबरोबर विष यायचे.

डीएपीबद्दल. झाडाचे पोट स्फुरदाने भरले की ते हाक मारणे थांबवते आणि दार लावून घेते. भातावरच्या अलीकडच्या संशोधनात, झाडातला स्फुरद मोजणारी प्रथिने हे दार कसे ताब्यात ठेवतात तेही उमगले आहे. तेव्हा भरल्या रानात दर हंगामी पोत्यावर पोते ओतणे म्हणजे पैसे देऊन मित्राला हाकलणे. पण खरडलेल्या दोन एकरांत पहिल्या वर्षी स्फुरद अजिबात बंद करणेही चूक ठरेल, कारण मित्र अजून पोचलेला नाही. माती तपासून घ्यावी आणि मात्रा बियाण्याजवळ, तासात द्यावी.

आणि तो पुडा. त्यावर काय छापले आहे ते वाचावे. ॲझोटोबॅक्टर किंवा ॲझोस्पिरिलम असेल तर ते ज्वारीसाठीच आहे. ते मुळाभोवती राहून थोडी मदत करतात, गाठ धरत नाहीत आणि युरियाची जागा पूर्ण भरून काढत नाहीत. रायझोबियम असेल तर ज्वारीला चोळून वाया गेले. तो सोयाबीनला, तुरीला, हरभऱ्याला, आणि तोही ज्याचा त्याला वेगळा. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचा पुडा, गुळाच्या गार पाण्यात कालवून, सावलीत चोळावा. खरेदीची पावती जपून ठेवली असेल तर तालुक्याच्या कृषी कार्यालयात दाखवावी.

माती जिवंत आहे का ते डोळ्यांनी पाहायचे असेल तर तेही जमते. ज्वारीची बारीक मुळे धुऊन कॉस्टिकच्या पाण्यात उकळायची, मग शाई आणि व्हिनेगरमध्ये बुडवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. ही रीत १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिला महागडे काही लागत नाही. कॉस्टिक हाताला भाजते, म्हणून घरी करू नये. शाळेतल्या विज्ञानाच्या गुरुजींना किंवा सगरोळीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावे. बुरशी असेल तर पेशींच्या आत निळी झाडे दिसतात. बंधूंनी पोरांना बरोबर न्यावे आणि धंद्याची गोष्ट त्यानंतर काढावी. काय दिसले ते आम्हाला जरूर कळवावे; खरडलेल्या आणि न खरडलेल्या, दोन्ही तुकड्यांतली मुळे वेगवेगळ्या पुडीत बांधून नेली तर फार बरे.